लाल रिबनीचा कटर

आई, शनिवारी मी तुझा कटर बघितला. वायर कापायचा तो छोटा कटर, दोन्ही दांड्यांना माझी शाळेची लाल रिबन गुंडाळलेला. रिबन आता लाल राहिलेली नाही, घामाने आणि तेलाने तपकिरी झालीय. पण दोन वेढ्यांच्या मधे एका ठिकाणी अजून लाल दिसते, आणि टोकाला तुझी ती दुहेरी गाठ आहे. मी आठवीत होते. दांड्या तळहाताला रुततात म्हणून तू माझी एक रिबन घेतलीस. "घेते गं एक," एवढंच म्हणालीस आणि पहिल्या शिफ्टच्या बसला पळालीस. त्या दिवशी मी एका वेणीला लाल रिबन आणि दुसरीला काळी दोरी बांधून शाळेत गेले आणि वर्गाबाहेर उभी राहिले. तेव्हापासून माझा त्या कटरवर राग आहे. तो असा पुन्हा समोर येईल असं वाटलं नव्हतं, आणि तोही दुसऱ्याच बाईच्या हातात.

कुठे बघितला ते सांगते. भोसरीच्या एमआयडीसीत एक शेड आहे. पूर्वी तिथे स्प्रिंगा बनायच्या, मग कंपनी बंद पडली. आता काही हौशी लोकांनी ती घेऊन तिथे सगळ्यांसाठी वर्कशॉप काढलंय. मेकरस्पेस म्हणतात. शनिवार-रविवारी कुणीही जावं, तिथली हत्यारं वापरावीत आणि हवं ते बनवावं. तू म्हणाली असतीस, "सुट्टीच्या दिवशी लोक हौसेनं कामाला जातात?" जातात आई. तुझी नातसुद्धा हट्ट करून गेली आणि मला घेऊन गेली. ती सहावीत आहे. सायकलला पुढचा दिवा, मागचा दिवा आणि हॉर्न बसवायचा होता तिला. मी मसाल्याच्या बरण्यांसाठी फळी करायला घेतली. शेजारच्या टेबलावर एक आयटीवालं जोडपं चौरंग बनवत होतं, आणि त्याचे चारही पाय वेगवेगळ्या उंचीचे निघाल्यामुळे दोघांनी अबोला धरला होता. एक रिटायर्ड काका बायकोने टाकून द्यायला काढलेला मिक्सर उघडून बसले होते. कोपऱ्यातलं एक मशीन प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत उंदीर बनवत होतं. त्याच्यावर बसणारा गणपती रविवारी व्हायचा होता. जत्राच होती म्हण ना.

तिथे वायरिंग शिकवायला एक बाई येते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. चाकणच्या बाजूच्या एका गावातली आहे, हे तिने तोंड उघडताच कळतं. पोरं तिला ताई म्हणतात. मी फळी घासत होते आणि तिच्याकडे माझी पाठ होती. ती माझ्या लेकीला वायरचं टोक कनेक्टरमधे कसं बसवायचं ते दाखवत होती.

"ढकल आत. खट् असा आवाज आला?"

"आला."

"आवाजावर जाऊ नगं. आता मागं वढ. हळू. वढून बघितल्याबिगर सोडायचं न्हाई."

माझा हात थांबला. कासारवाडीच्या आपल्या त्या एका खोलीत हे वाक्य मी रोज ऐकत होते. दाराची कडी लावलीस की तू ती ओढून बघायचीस. गॅसचा रेग्युलेटर बसवलास की ओढायचीस. माझ्या दप्तराचा पट्टा, डब्याची कडी, परकराची नाडी, सगळंच. पहाटे मला अर्धवट झोपेत बसवून वेण्या घालायचीस आणि शेवटी दोन्ही वेण्यांना एकेक हिसका द्यायचीस. डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. मला वाटायचं, हिला सकाळी उठून माझं करावं लागतं त्याचा हा राग आहे. "ओढून बघितल्याबिगर सोडायचं नाही," तू म्हणायचीस, पण ते कुठून आलं हे कधी सांगितलं नाहीस. मी मागे वळले. त्या बाईचा हात माझ्या लेकीच्या हातावर होता, आणि दुसऱ्या हातात तो कटर.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" लेकीने विचारलं. तिला सगळ्याचं मूळ लागतं.

"आमच्या कंपनीत, गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर, एक काकू व्हत्या. लातूरकडच्या. लाइन लीडर. मी आले तवा माझा हात असा कापायचा बघ. काकू मागं उभ्या राहायच्या आन माझ्या हातावर हात ठिवून एकेक टोक बसवून घ्यायच्या. आठ दिस न्हाई बोलल्या एक शबूद, निस्ता हात." तिने कटर वर धरला. "एकटीनं बोर्ड संभाळायला लागले, त्या दिशी हा दिला. सोताचा. ही रिबन बी त्यांचीच."

त्यांची नव्हे, माझी. मी फळी घासत राहिले, आणि इतकी घासली की एका बाजूला ती पातळ झाली.

आई, मी खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. तू माझ्या हातावर हात कधी ठेवलास ते मला आठवत नाही. मुळाक्षरंसुद्धा शेजारच्या काकांच्या मुलीने गिरवून घेतली. भाकरी थापायला मी शिकले ती तुझ्याकडे बघून, तू दमून भिंतीला टेकलेली असताना. इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा तू पिंपरीच्या बाजारातून मला कॅल्क्युलेटर आणलास, दुकानदाराला चार वेळा विचारून, गिफ्ट पेपरात गुंडाळून. चांगला होता, अजून चालतो. पण तो कोरा करकरीत होता. तिला मात्र तू हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं हत्यार दिलंस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बसून विचार केला तर मला कारण कळतं. मी त्या लाइनवर जाऊ नये म्हणून तू माझे हात त्यापासून लांब ठेवलेस. तुझ्या बोटांवरच्या चिरा मला दिसत होत्या, मी काही बाळ नव्हते. पण कारण कळल्याने हेवा कमी होत नाही, हे मला या शनिवारी समजलं.

खंडेनवमीची आठवण तर जातच नाही. कंपनीत मशीनची पूजा होती आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. मी परकर-पोलकं घालून तुझ्याबरोबर बसमधे बसलेय, खिडकीची जागा मिळालीय. आत सगळीकडे झेंडूच्या माळा, प्रेस मशीनला हळदकुंकू, आणि तुझ्या लाइनवर उभे लाकडी बोर्ड. त्यांच्यावर खिळे, आणि खिळ्यांमधून रंगीत वायरी अशा फिरवलेल्या की मला ती रांगोळीच वाटली. मी हात पुढे केला. "हात लावू नको," तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ते तुझं काम नाही." मी मागे सरकले. एवढ्यात निळ्या एप्रनमधली एक मुलगी हसत आली, आणि तू माळेतलं एक फूल तोडून तिच्या केसांत खोचलंस. मग तिला चिडवायला काहीतरी बोललीस आणि मोठ्याने हसलीस. तू अशी हसतेस हे मला माहीतच नव्हतं. घरी तू संध्याकाळी येऊन पाय पसरून बसायचीस आणि म्हणायचीस, "काय करायलीस? अभ्यास कर." ते हसू तू कंपनीच्या गेटवर हजेरीच्या कार्डासारखं जमा करून येत होतीस की काय, कोण जाणे.

आणि तू गेलीस त्या दिवशी पहिली शिफ्ट सुटल्यावर त्या सगळ्या एप्रनसकट आपल्या गल्लीत आल्या. त्यांच्यातली एक जण माझ्याहून मोठ्याने रडली. मी कोपऱ्यात डोळे कोरडे करून बसले होते आणि मनात म्हणत होते, ही कोण, हिचं काय गेलंय. तीच ही असणार. तिने मला ओळखलं नाही. आता माझे केस कापलेत, चष्मा आलाय, आणि त्या दिवशी माझा चेहरा कुणी बघत नव्हतं.

रविवारी मला राहवलं नाही. फळीला पॉलिश लावता लावता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या काकूंना मुलंबाळं होती का?"

"एक मुलगी व्हती म्हणं," ती म्हणाली. "काकू घरचं लाइनवर काढायच्या न्हाईत. म्हणायच्या, गेटच्या आत आपण सगळ्या एका आईच्या. का वो, वळखीच्या का तुमच्या?"

"नाही," मी म्हणाले.

आई, मी तुला नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर ती रडली असती, मला मिठी मारली असती, आणि तासभर तुझ्या गोष्टी सांगितल्या असत्या. त्यातली एकही मला माहीत नसती. मुलगी मी, आणि ऐकून घेणार मी. ते मला झेपलं नसतं.

दुपारी सगळे चहाला टपरीवर गेले. कटर टेबलावर राहिला होता. मी तो उचलून पर्समधे टाकला. आधी विचार केला असता तर टाकला नसता. परत आल्यावर तिने एप्रनचे खिसे चाचपले, टेबलाखाली बघितलं, मग सगळ्यांना विचारलं. आवाज चढवला नाही. मिक्सरवाले काका चष्मा वर करून शोधायला लागले. चौरंगवाल्या जोडप्याचा अबोला सुटला आणि दोघं मिळून भुशाची पोती उपसायला लागले. माझी लेक मोबाइलचा टॉर्च लावून पालथी पडली. मीसुद्धा शोधत होते, आई. वाकून वाकून शोधत होते. शेवटी ती स्टुलावर बसली. "जाऊ द्या, गावंल," म्हणाली. पण तिची उजवी मूठ मांडीवर अर्धी मिटलेली होती, आत कटर असल्यासारखी. तू झोपलीस की तुझी मूठ अशीच असायची. मी लहानपणी त्यात बोट घालून बघायचे, आणि तू झोपेतच ते दाबायचीस.

मी बाथरूमला जाऊन आले. जरा वेळ लागला. मग कटर तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "आमच्या सामानात आला चुकून." लेकीने माझ्याकडे बघितलं. त्या बाईने कटर दोनदा दाबला, खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि बटण ओढून बघितलं. तिला संशय आला नाही, की आला पण तिने गिळला, मला सांगता येणार नाही. "व्हतंय असं," ती म्हणाली. "या हिकडं. कालधरनं निस्त्या बघताय. तुमी बी एक करून बघा."

तिने सायकलच्या मागच्या दिव्याची वायर माझ्या हातात दिली आणि मागे उभी राहिली. तिचा हात माझ्या हातावर आला. खरखरीत होता आणि गरम होता. ढकललं, खट् वाजलं, ओढून बघितलं, सुटलं नाही. "जमलं की," ती म्हणाली. मी म्हणाले, "अजून एकदा." तिने अजून एकदा करून घेतलं. लेक शेजारी उभी राहून माझी वाट बघत होती, तरी मी तिसऱ्यांदा मागितलं. तुझा हात माझ्यापर्यंत यायला एवढा वळसा पडला, आणि आला तोही माझ्या लेकीनंतर. तिचासुद्धा हेवा वाटला मला. पोटच्या पोरीचा. हे बाहेर कुणाला सांगण्यासारखं नाही.

आता सोमवार आहे. फळी ओट्यावर लावलीय. एका बाजूला पातळ आहे, म्हणून जिऱ्या-मोहरीच्या हलक्या बरण्या तिकडे ठेवल्यात. खाली पार्किंगमधे लेक अंधाराची वाट न बघताच दिवा लावून चकरा मारतेय आणि हॉर्न वाजवून वॉचमनचं डोकं उठवतेय. तिने मला कटरचं अजून काही विचारलेलं नाही. विचारेल. तेव्हा ही आजी कोण, हे तिला पहिल्यापासून सांगावं लागेल. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत जायला त्याला रस्ता नाही.

त्या बाईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगेन असं वाटत नाही. तिच्यापाशी जी तू आहेस ती तशीच राहू दे. कटरही तिचाच. तू तो तिला दिलास आणि तिने तो इतकी वर्षं जपला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. फक्त बाथरूममधे मला वेळ लागला तो एवढ्यासाठी, की गाठीखाली सुटलेलं रिबनीचं बोटभर टोक मी त्याच कटरने कापून घेतलं. ते तुझ्या कॅल्क्युलेटरच्या कव्हरमधे ठेवलंय. रिबन माझी होती.