खोक्यातल्या गाडीचं पासिंग

१२ सप्टेंबर १९८१
गाडी परत विटांवर. तुळशीपासून फाटकापर्यंतचं अंगण तिचंच. कपडे वाळत घालायचे तर मी भिंतीला घासत जायचं. शिफ्ट सुटली की हे एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनवरून सायकल हाणत येतात ते तडक गाडीखाली. चहासुद्धा तिथेच. मी कप सरकवते, हात येतो, कप जातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता नवरा हातावरून ओळखायचा.

म्हणे विलायतेत सुटे भाग खोक्यांत भरून विकतात आणि लोक घरी गाडी जोडतात. देवळाली कॅम्पातल्या कुणा मेजरसाहेबांनी ही अशी जोडलेली. ते वारले, मग कोंबड्या बसायच्या आत. ह्यांनी कोंबड्या उठवून ती आमच्या गळ्यात घातली. फायबरची बॉडी, गंजत नाही, म्हणाले. गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणतात. ह्यांच्या कानावर अजून गेलेलं नाही.

१८ सप्टें.
आर.टी.ओ.त नापास. इंजिन दुसरं बसवलंय, त्यामुळे दाखवून पास करून घेतल्याशिवाय रस्त्यावर काढायची नाही. तिथले साहेब चांगले निघाले, खाली वाकून सगळं बघितलं. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. शिवाय ड्रायव्हरच्या पायाखाली एवढं मोठं भोक, त्यातून रस्ता दिसतो. दोन्ही नीट करा, ९ ऑक्टोबरला आणा.

येताना द्वारका चौकात ब्रेक मारला आणि गाडी थेट रसवाल्याच्या गाड्यावर. टेकली फक्त. हे मला बोलले नाहीत, साळवेभाऊजींनी सांगितलं. ते ह्यांच्याबरोबर पॉवर स्टेशनला फिटर. दोघं मिळून करतात सगळं.

२२ सप्टें.
मामंजींचं श्राद्ध. कल्याणहून थोरले भाऊजी आले होते. इंजिनियर माणूस. जेवून सुपारी चघळत गाडीभोवती फिरले, टिचकी मारून बघितली. म्हणाले, "यात आईला बसवणार तू? घाट उतरून ये माझ्या दारात, मग गाडी म्हणेन हिला."

सगळे हसले. हेही हसले, पण कान लाल. मामंजींनी एकाला कॉलेज दिलं, एकाला आय.टी.आय. त्यावर ह्या घरात कोणी बोलत नाही. ह्यांना शिव्या येत नाहीत, त्याऐवजी गाड्या येतात.

संध्याकाळी मला म्हणाले, कोजागिरीला आईला घेऊन कल्याणला गाडीनेच जायचं. तू, मी, आई, आपली नंदू.  कसारा घाट. आणि ती बया डावीकडे ओढते. दरी कुठल्या बाजूला असते ते मी आठवत बसले.

२७ सप्टें.
जुने कागद आणायला देवळालीला मेजरबाईंकडे. मी बरोबर गेले. बाईंनी सरबत दिलं, चौकशी केली. निघताना मला एकटीला म्हणाल्या, साहेबांनी ती कॅम्पाबाहेर कधी नेली नाही. का, म्हटलं. नुसत्या हसल्या. बसमध्ये ह्यांना सांगितलं तर म्हणतात, म्हाताऱ्याला पेट्रोल परवडत नसेल. मेजराला?

४ ऑक्टो.
सगळा ब्रेक उकलला. पेडलपासून चाकांपर्यंत. डाव्या-उजव्याचा घोळ सापडला म्हणे, एका चाकाचं रबर अडकत होतं. नवं आणलं. आज दोघांचे चेहरे फुललेले.

ह्यांची एक पद्धत आहे आणि तिला मी नावं ठेवणार नाही. काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडतात, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. लावताना उलट्या टोकापासून सुरू. काही लिहून ठेवावं लागत नाही, कागदच सांगतो. गाडीशेजारी तीन कागद पसरलेत, वर विटा. तिथे झाडू नाही, ओलांडायचं नाही. नंदूची ओढणी लागली तर कॉलेजात जाणाऱ्या पोरीला लहान मुलीसारखं ओरडले.

७ ऑक्टो. खंडेनवमी
काय बोलावं.

आम्ही दोघं बाजारात, झेंडू आणि आपट्याची पानं आणायला. घरी आलो तर सासूबाईंनी पूजा मांडलेली. पाट, पाटावर कोयता, विळी, ह्यांचे पाने, हातोडी. आणि ते तिन्ही कागदांवरचं सगळं. नट, बोल्ट, पिना, स्प्रिंगा. चिंच लावून घासलेलं, चकचकीत, मधोमध ढीग, वर हळदकुंकू. "लोखंडच ना ते," म्हणाल्या, "त्याला का वगळायचं? माझ्या लेकाचं पोट त्यावर."

ऐंशीला आलेली बाई. वाकून वाकून एकेक उचललं असेल, कमरेचं दुखणं घेऊन. हे दारात उभे. मला वाटलं आता फुटतात. पण त्यांनी चपला काढल्या आणि ढिगाला नमस्कार केला. आत येऊन पेलाभर पाणी प्यायले. मला एवढंच म्हणाले, आईला कळता कामा नये की काही बिघडलंय.

पूजेतलं लोखंड आज उचलायचं नाही. उद्या दुपारी, पूजा हलवल्यावर.

८ ऑक्टो. दसरा
दुपारी देवाला सोनं वाहून पूजा हलवली. हे एकटेच बसले लावायला. साळवेभाऊजी नाहीत, दसऱ्याला त्यांचा बुद्धविहारात कार्यक्रम, सकाळपासून सगळं घर पांढऱ्या कपड्यांत तिकडे. हे त्यांना बोलवायला जाणार नाहीत आणि जाऊही नये.

आठवून आठवून लावत होते. मधेच थांबायचे, एक बोल्ट हातात फिरवायचे, डोळे मिटायचे. मी दोनदा म्हटलं, साहेबांकडून पुढची तारीख घ्या. हे पाना फिरवत राहिले. पुढची तारीख म्हणजे कोजागिरी गेली, आणि थोरल्या भाऊजींचं हसणं तसंच राहिलं.

दिवेलागणीपर्यंत ब्रेक लागला. मग पायाखालचं भोक. त्यावर फायबरचा तुकडा, राळ ओतून पक्का. वर काळा रंग. छान दिसतंय. मला ते छान दिसणं आवडलं नाही.

९ ऑक्टो.
पास!! साहेबांनी मैदानात पळवली, ब्रेक मारला, सरळ रेषेत थांबली. पाठ थोपटली म्हणे. हे पेढे घेऊन आले. किती दिवसांनी असे हसले. साळवेभाऊजी आले, नंदूने गाडीला हार घातला. मीही हसले, खोटं कशाला लिहू. भीती थोडी गेली.

१० ऑक्टो.
भीती परत आली. पाट धुवायला काढला. खालच्या पट्टीत, ओल्या हळदीत रुतलेली एक पिन. बोटाएवढी, दोन पायांची. दांडा निसटू नये म्हणून शेवटी आरपार घालून पाय फाकवतात ना, ती. पाय सरळ होते. म्हणजे घातलेलीच नाही.

ह्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. मग म्हणाले, जास्तीची असेल. जास्तीची कशी? तुमच्या कागदावर जास्तीचं कधी असतं का? तर माझ्या अंगावर ओरडले. मग लगेच शांत. उद्या चाकं उघडून बघतो म्हणाले.

११ ऑक्टो.
साळवेभाऊजी सकाळीच. चारही चाकं उघडली, खालून सगळं बघितलं. जिथे जिथे पिन हवी तिथे आहे. राहिली एकच जागा, पेडलचा दांडा जिथे जोडतो ती. ती फायबरच्या त्या नव्या तुकड्याखाली, आणि खालून बघावं तर लोखंडी सांगाड्याआड. तो फोडल्याशिवाय दिसत नाही.

साळवेभाऊजी म्हणाले, फोडू या. हे म्हणतात, ती मी स्वतः लावली, मला आठवतंय. साळवेभाऊजी म्हणाले, आठवतंय की वाटतंय? हे हात धुवायला गेले.

फोडायचं म्हणजे राळ परत, तिचा डबा संपलेला, रविवारी दुकान बंद, मग वाळणं, रंग. उद्या कोजागिरी. शिवाय आई विचारेल, पास झालेली गाडी का फोडतोस? मग तिला काय सांगायचं, तुझ्या पूजेनं? मी म्हटलं, मी सांगते त्यांना. त्या नको म्हणाल्या की विषय संपला. तर माझा दंड धरून म्हणाले, "आईला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

असलं अभद्र हे कधी बोलत नाहीत. जेवण गेलं नाही मला.

जाताना साळवेभाऊजी फाटकाशी थांबले. म्हणाले, वहिनी, मैदानात एकदा दाबलेला ब्रेक वेगळा, घाटात पाय ठेवून तासभर उतरणं वेगळं. दांडा हळूहळू सरकत येतो. आणि म्हणाले, हँडब्रेकची केबल मात्र निराळी आहे, तिचा पेडलशी संबंध नाही. मला का सांगितलं ते मला कळलं.

१२ ऑक्टो. कोजागिरी
सकाळ. हे गाडी पुसतायत. आभाळ स्वच्छ.

सांगितलं मी सासूबाईंना. शपथ मोडली. चहा देताना पिन त्यांच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं, कागद, ओळ, तुकडा, घाट. रडू आलं मला. वाटलं त्या कोसळतील, मग आत बोलावतील मुलाला, मग गाडी आज हलायची नाही. काय बोल लागायचा तो लागो.

त्यांनी पिन डोळ्यांना लावली. म्हणाल्या, "देवापुढची आहे ना? मग उगाच मागे राहिली नसेल. असू दे माझ्याजवळ." आणि पदराच्या टोकाला बांधली, गाठ मारली. नऊवारी इरकल नेसून आता मागच्या सीटवर जाऊन बसल्यात. त्यांचा चेहरा इतका समाधानी की मला त्यांचा रागसुद्धा धड येईना.

ह्यांना एकदा शेवटचं म्हटलं, ट्रेनने जाऊ. ह्यांनी फडकं पिळून काच पुसायला घेतली.

नंदूला पाठवत नाही. परीक्षा आहे, अभ्यास नाही, काय वाटेल ते मी तिला बोलले. पोरगी तणतणत शेजारी जाऊन बसलीय, माझ्याशी अबोला. राहू दे. साळवेभाऊजींना निरोप दिलाय, रात्री तिच्याकडे एकदा बघून जा.

पुढच्या दोन सीटच्या मधे हँडब्रेक आहे. डावीकडे बसलं की माझ्या उजव्या हाताशी येतो. काल हे आंघोळीला गेले तेव्हा बसून ओढून बघितला. जड आहे, पण दोन्ही हातांनी येतो.

हॉर्न वाजवतायत. बांगड्या काढून ठेवल्यात, हात मोकळा असावा म्हणून. पुढे मी बसणार.