उजवीकडे झुकणारी नजर

अप्पा,

पोंगलच्या सफेदीसाठी कपाट रिकामं करताना तुम्ही वेधशाळेला पाठवलेल्या शेवटच्या पत्राचा खर्डा सापडला. अक्षर माझंच. तुम्ही सांगत होतात, मी लिहीत होते. त्यातला एक शब्द मी तेव्हा खोडला होता आणि आज सकाळपासून त्याच शब्दापाशी अडून बसले आहे. चुन्याची बादली दारात तशीच आहे. हातातलं काम टाकून कागद वाचत बसायची ही खोड तुमचीच, तेव्हा रागावू नका.

मी पहिल्या बाळंतपणाला सासरच्या आडुतुरैहून माहेरी कुंभकोणमला आले होते, सातवा लागला होता. आजोबांची तंजावरच्या दरबारातली चाकरी राज्याबरोबर गेली, म्हणून तुम्ही साहेबाच्या नोकरीत शिरलात आणि तीस वर्षं डोंगरावरच्या वेधशाळेत ताऱ्यांच्या काचा मोजल्यात. पेन्शनीत आल्यावरही तिथल्या साहेबांनी एक काम घरी पाठवलं: कृत्तिकांच्या पुंजक्याची नवी काच आणि ती मोजायचं सूक्ष्मदर्शक. काच म्हणजे आकाशाचा फोटो, त्यावर तारे म्हणजे काळे ठिपके. वीस वर्षांपूर्वीच्या काचेवर प्रत्येकाची जागा तुम्हीच मोजली होती. आता पुन्हा मोजायची. जे मिळून एका दिशेनं सरकले ते पुंजक्यातले, बाकीचे नुसते वाटेत दिसणारे. सकाळी खिडकीशी बसून तुम्ही आकडे सांगायचात, मी लिहायचे. आई चुलीपासून ओरडायची, "पोटुशीनें नक्षत्रें मोजूं नयेत, सांगून ठेवतें!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "हीं काचेवरचीं. आणि तींही लेकरेंच, अझून बाळुतें सुटलें नाहीं त्यांचें." हे तारे वयानं लहान, जन्माचं धुकं अजून त्यांच्याभोवती आहे, हे मग तुम्ही मला समजावून सांगितलंत.

चौथ्या दिवशी मी जुनी वही काढून ताडून पाहिलं. सगळे आकडे शेवटच्या अंकापर्यंत तेच. वीस वर्षांत एकही तारा केसभर हलला नव्हता, आणि ते हलतात हे मला शिकवणारे तुम्हीच! मग उमगलं. मोतीबिंदू उतरला होता, ठिपके तुम्हाला दिसतच नव्हते, आणि तुम्ही जुने आकडे तोंडपाठ म्हणत होतात. "दिसतंय ना, अप्पा?" विचारलं तर केवढ्यानं खेकसलात, "मज दिसतें. तूं लिही!" मला रडूही आलं आणि तुमचा रागही आला.

त्यानंतर दुपारी तुमचा डोळा लागला की मी यंत्रापाशी बसायचे. पोट आड यायचं, म्हणून तिरकी. काच आधी सरळ ठेवून मोजायची, मग उलटी फिरवून. प्रत्येक माणसाची नजर जराशी एका बाजूला झुकते आणि असं दोनदा मोजलं की ते झुकणं सापडतं. तुमची नजर डावीकडे झुकायची. वेधशाळेत तीस वर्षं त्यावरून तुमची थट्टा झाली. संध्याकाळी मी माझे सरळ-उलटे दोन्ही आकडे तुमचे म्हणून वाचून दाखवायचे. तुम्ही पडवीत पान लावता लावता तोंडी वजाबाक्या करायचात. तारे हलले होते, सगळे मिळून एकाच बाजूला. "सरि," बरोबर, एवढंच म्हणालात आणि विडा तोंडात टाकलात.

पत्राच्या शेवटी तुम्ही सांगितलंत, "मोजणाराची नजर उजवीकडे झुकते, असें लिही." मी लिहिलं आणि थबकले. वाटलं, वयानं गोंधळ झाला तुमचा. साहेबांना संशय यायला नको, म्हणून गुपचूप 'उजवीकडे' खोडलं, वर 'डावीकडे' लिहिलं, आणि तशीच पक्की प्रत केली. तुमचं बोट धरून सहीची जागा दाखवली. महिन्याभरानं उत्तर आलं, तुमचा हात अजून पक्का आहे म्हणून. ते तुम्ही दोनदा वाचायला लावलंत आणि विचारलंत, "नजरेविषयीं कांहीं लिहिलें आहे?" मी नाही म्हटलं. पुढे बाळाला घेऊन मी आडुतुरैला परतले, आणि ऐप्पसी महिन्याच्या पावसात तुम्ही गेल्याची तार आली.

आज खर्ड्याच्या पाठीवर ते आकडे सापडले. सरळ काचेचे, उलट्या काचेचे. बसून सगळ्यांची वजाबाकी केली. झुकणं उजवीकडेच आहे, अप्पा. ती माझी नजर होती. पडवीत पान लावताना तुम्हाला ती कळली होती, आणि स्वतःचं आंधळेपण उघडं पडलं तरी चालेल, पण मोजणारं माणूस दुसरं होतं हे साहेबांनी ओळखावं असं तुम्हाला वाटत होतं. तुम्ही उत्तराची वाट पाहत होतात, आणि मी तुम्हाला सांभाळून घेतलं या आनंदात होते. इतकी वर्षं झाली, पण आजच्याइतकी तुमची आठवण कधी आली नाही. एकदा तुमच्याशेजारी बसून नुसतं म्हणायचं होतं, की मला कळलं.

खर्ड्यावर मी आत्ताच पुन्हा 'उजवीकडे' लिहिलं आहे, आणि हा कागद त्याच घडीत ठेवते आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तो शब्द तुम्ही माझ्यासाठी सांगत होतात हे तेव्हा कळलं असतं, तरीही तुमच्यासाठी मी तो खोडलाच असता.