खोली एकीलाच

५ नोव्हेंबर
मिळाली! बसस्टँडवर झोपणाऱ्या मावशीला आमच्या संस्थेची खोली मिळाली! कपाट, गादी, आतून लागणारी कडी. धावतपळत सांगायला गेले, तर शेजारच्या मफलरवालीकडे बोट करून म्हणाली, "आणि ही?"

ही यादीत कुठेच नाही. साहेबांनी मागेच विचारलं होतं, दोघींचं नातं काय? रक्ताचं नाही, म्हणजे नाहीच. एका पथारीवर इतकी वर्षं काढली, ते जमेस नाही! शेवटी मफलरवालीनेच तिला उठवलं — जा गं, एकीचं तरी होऊ दे.

६ नोव्हेंबर
मावशीला खोलीवर पोचवलं. कडी लावून दाखवली, काढून दाखवली. तिने माझं मन राखायला मान डोलावली.

१४ नोव्हेंबर
साहेब तपासणीला गेले नि तणतणत परत आले. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! म्हणजे बाई तिथे राहतच नाही, खोली काढून घ्या. माझं डोकंच फिरलं. त्यांनीच काढलेल्या फोटोंत मोरीत ओलं लुगडं होतं, खिडकीत कंगवा होता — यांना दिसलं काय, तर प्लास्टिक!

मी म्हटलं, तिला जमिनीची सवय आहे, मोडायला वेळ लागेल. "आपण हॉटेल चालवत नाही," साहेब म्हणाले. हॉटेलात निदान कोणी गादी तपासायला येत नाही! हे तोंडावर म्हणायला हवं होतं. सुचलं ते जिन्यात.

१५ नोव्हेंबर
मावशीकडे गेले. डोळे तारवटलेले, दाराला पाठ लावून बसलेली. रात्रभर अशीच बसते म्हणे. म्हटलं, अगं, कडी आहे ना? माझीच कीव आल्यासारखी बघत राहिली.

"कडीचं काय घेऊन बसलीस? ती झोपली की मी जागी, मी झोपले की ती. आता जागं राहायला कोण आहे?"

म्हणजे फलाटावर दोघी पाळीपाळीने झोपत होत्या. आम्ही त्यातली एक उचलून आणली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. आता झोप दोघींनाही नाही. संताप संताप झाला नुसता. सवयीच्या गप्पा मारणाऱ्या माझाही!

१६ नोव्हेंबर
साहेबांना सगळं सांगितलं. दोघींना एकत्र ठेवा म्हटलं. ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "पण नातं काय?" पालथ्या घड्यावर पाणी! आता शेवटची तपासणी परवा, आणि ती मीच करायची. गादी कोरी दिसली तर तसं लिहायचं, खोली गेली.

१८ नोव्हेंबर
दार मावशीने उघडलं, ओठांवर बोट ठेवून. गादीवर मफलरवाली, खुशाल घोरतेय.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

नियमाने दुसरं माणूस ठेवलं तर मावशीची खोली जाते. लपवलं तर माझी नोकरी. चपला हातात घेऊन जिना उतरले. अहवालात लिहिलं — गादी वापरात आहे.