तिच्या गाठी वर असतात

४ मार्च

माळ्यावरून तीन गाठोडी खाली आली! दुकानाला कुलूप लावलं तेव्हा म्हटलं, चला, चिंध्यांपासून सुटलो. कसलं काय! जन्मभर मी शर्ट-पँटी शिवल्या आणि उरलेले तुकडे ही बाई पिशव्या भरभरून घरी आणत राहिली. गोधड्या सुरू करायची, अर्धवट टाकायची, परत नवी सुरू करायची.

‘‘या वर्षी सगळं पुरं करायचं,’’ बायकोनं जाहीर केलं. एक मोठी – मुलगा नव्या घरात राहायला चाललाय, त्याच्या पलंगासाठी. बाकी किरकोळ. खुर्च्यांच्या बैठका, उशीचे अभ्रे, गरम भांडी धरायची फडकी. आणि एक पाळण्यातलं दुपटं.

‘‘पाळण्यात कोण आहे?’’ मी विचारलं.

‘‘असेल कोणीतरी कधीतरी. तुमचं काय जातंय?’’

माझं काही जात नाही. बसायला खुर्ची तेवढी उरली नाही.

७ मार्च

तिचे टाके नीट बघितले आज. अरेरे! एक टाका मुंगीएवढा, पुढचा गांडुळाएवढा. ओळ सरळ निघते आणि मध्येच फिरायला जाते. त्यावर कळस म्हणजे गाठी! सगळ्या वरच्या बाजूला, दोऱ्याच्या शेपट्या सोडलेल्या. दुकानात एखादी गाठ अशी वर दिसली असती तर मी अख्खी शिलाई उसवायला लावली असती.

मुलाच्या घरी चार माणसं येणार. कोणी केली, म्हणून विचारणार. आईनं. मग वडील टेलर ना तुमचे? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लाज वाटली मला. बायकोच्या हाताची लाज वाटली. इथे लिहितोय, कारण हे तोंडानं कोणाला सांगता येणार नाही.

११ मार्च

मेहुणीचा पाय मोडलाय. बायको रोज सकाळी तिच्याकडे जाते, तिचं आवरून, स्वयंपाक करून दुपारी येते. तोवर घरात मी एकटा.

मोठ्या गोधडीची एक कड उसवली. फक्त कड. बारीक टाके घातले, गाठी आत दडवल्या. हात अजून चालतो! कुठे उसवलं ते देवालासुद्धा सापडणार नाही.

बायको आली, गोधडी मांडीवर घेतली आणि पुढे शिवायला लागली. कळलंही नाही तिला.

१२ मार्च

आणखी थोडी उसवली.

१८ मार्च

मोठी निम्मी झाली. वर दोन बैठकाही हातावेगळ्या केल्या.

आज बायको कडेवरून बोट फिरवत बसली होती. फिरवतेय, फिरवतेय, काहीतरी शोधतेय.

‘‘अहो, ही कड मी कधी केली हो?’’

मी पेपरात डोकं घातलं. ‘‘केली असशील.’’

‘‘इतकी बारीक?’’

‘‘हात बसला असेल तुझा.’’

म्हटलं, खूश होईल. झाली नाही. गोधडी घडी करून ठेवून दिली.

२२ मार्च

सगळं जमिनीवर पसरून बसली होती. ‘‘हे मी शिवल्याचं मला आठवतच नाही,’’ म्हणाली. ‘‘कधी बसले, कुठून सुरुवात केली – काही म्हणजे काही नाही. आणि पांढरं रीळ कुठंय? परवाच नवं आणलं होतं ना?’’

रीळ मी संपवलंय. मी म्हणालो, ‘‘ठेवलं असशील कुठेतरी.’’

काय माणूस आहे मी! एक खोटं झाकायला दुसरं. बिचारी सगळे खण उपसून शोधत होती आणि मीही वाकून वाकून पलंगाखाली बघत होतो.

तिची आई शेवटी शेवटी तिलाच विचारायची, ‘‘बाई, तुम्ही कोणाच्या?’’ बायकोनं ते तोंडावर हसून निभावलं होतं आणि आत जाऊन रडली होती. मला आठवतंय. आठवतंय तरी गप्प बसलो.

२५ मार्च

तिनं स्वतःच मुलाला फोन केला. ‘‘मला आजीसारखं होतंय रे.’’ मी दारात उभा होतो.

मुलानं लगेच डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. मग मला फोनवर बोलावलं. ‘‘बाबा, तुम्हाला काही जाणवलं का?’’

मी काय म्हणालो? ‘‘थोडं थोडं.’’

थोडं थोडं! माझी जीभ झडली कशी नाही?

आत्ता सांगितलं असतं तर पाच मिनिटांची बोलणी खाल्ली असती, विषय संपला असता. पण तोंडच उघडेना. लोकांची मापं काढण्यात जन्म गेला, माझं माप मात्र आज निघालं.

२६ मार्च

आज बहिणीकडे एकटी जाईना. ‘‘रस्ता चुकले तर?’’ मी सोडून आलो. गॅस बंद केलाय का, हे घरात असताना किती वेळा विचारलं असेल! संध्याकाळी तिचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. भीतीनं होतं असं माणसाचं. ही भीती मी घातली तिच्या डोक्यात. रात्री दोघांचीही पानं तशीच राहिली.

२७ मार्च

सांगितलं.

ती तुकडे निवडत होती. निळे एकीकडे, चौकड्याचे एकीकडे. मी समोर जाऊन उभा राहिलो, शाळेत छडी खायला राहतात तसा.

‘‘ते टाके माझे आहेत.’’

‘‘कोणते?’’

‘‘बारीक आहेत ते सगळे. तू बहिणीकडे गेलीस की मी उसवायचो.’’

कात्री खाली ठेवली तिनं. ‘‘आणि रीळ?’’

‘‘मीच संपवलं.’’

‘‘म्हणजे माझं डोकं ठीक आहे?’’

‘‘ठणठणीत.’’

आधी हसली. मग रडली. पदराने डोळे पुसले आणि मग जो काही तोंडाचा पट्टा सुटला! ‘‘मी इथे वेडी व्हायची बाकी राहिले, आणि तुम्ही माझ्याबरोबर रीळ शोधता? लाज नाही वाटली?’’

वाटली. वाटतेय.

पुढचं ऐकून तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगा तान्हा असताना गोधडीची गाठ चिमटीत धरल्याशिवाय झोपायचा नाही म्हणे. ‘‘तुम्ही दुकानात असायचात, तुम्हाला काय माहीत! त्यानंच मागितलीय ही गोधडी. म्हणाला, आई, गाठी वर ठेव.’’

आणि मी एकेक गाठ शोधून कापली होती.

मुलाला फोन करून सगळं सांगितलं. ‘‘कमाल करता बाबा!’’ एवढंच म्हणाला. हसला नाही. डॉक्टरांची वेळ रद्द केली.

३१ मार्च

शिक्षा झालीय. माझा टाका न टाका मीच उसवायचा आणि तिनं परत घालायचा. दिवसभर शेजारी शेजारी बसतो. माझी इतकी देखणी शिलाई, भराभर निघून जाते! ‘‘टेलर, हात चालवा,’’ म्हणते. ‘‘गिऱ्हाईक खोळंबलंय.’’ चालवतो बापडा.

तिचे टाके अजून वाकडेच आहेत. पण आज शेजारी बसून बघितलं तर ती प्रत्येक गाठ मारल्यावर बोटानं दाबून बघते, नीट बसली का ते. इतक्या वर्षांत मी हे बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी पाळण्यातलं दुपटं पुरं केलं तिनं. शेवटची गाठ माझ्या चिमटीत दिली. ‘‘धरून बघा.’’ धरली. बराच वेळ सोडली नाही. तिनं विचारलं, ‘‘झोप आली वाटतं?’’

खूप दिवसांनी दोघं पोटभर जेवलो.

२ एप्रिल

सकाळी तिनं ते दुपटं उचललं, उलटसुलट केलं, सगळ्या गाठींवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून हसली.

‘‘लबाड! हे पण तुम्हीच केलंत ना? मला तर हे आठवतच नाही. करा कबूल.’’

‘‘हो,’’ म्हणालो. ‘‘मीच.’’

जिन्यात जाऊन मुलाला फोन केला. डॉक्टरांची वेळ परत घे म्हटलं.

माझीच लबाडी असती तर किती बरं झालं असतं!