साळवी सरांना काढायचं का?

शुक्रवार, जानेवारी २००३, बौशर

कॉलेजच्या मुली आज पुन्हा बास्केटबॉल हरल्या. इथे आखातात शुक्रवार सुट्टीचा वार, त्यामुळे आम्ही सगळे बाप कोर्टाबाहेर चहा पीत भांडत होतो. कोच साळवींना काढायचं का?

"काढाच! त्यांचे डावपेच जुने झाले, खलास!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच.

डावपेच? मला त्यातलं काय कळतं?

घरी माझ्या लेकीला, नेहाला, मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येतं. आज हरल्यावर ती थेट साळवींकडे गेली. "सर, माझ्यामुळे हरलो हो," म्हणून रडली. मराठीत! गाडीत मी विचारलं, "काय झालं गं?" तर म्हणे, "नथिंग, डॅडी." डोळे पुसलेले.

मराठीत रडली. हेच डोक्यातून जात नाही.

साळवी गेले की ती माझ्यापाशी येऊन रडेल, असं मला का वाटतंय?