पहिल्या रविवारच्या आधीचा शनिवार

नोव्हेंबर २००४

प्रिय अजय,

प्रभूच्या नावाने सलाम. धान कापून झालं, बांधावर भारे पडले आहेत. चर्चची कौलं फिरवून झाली, आता नाताळात कुणाच्या डोक्यावर दव पडणार नाही. माझी तब्येत बरी आहे. संध्याकाळी कंदिलाऐवजी दिव्याखाली वाचत बसते, वीज असली तर. तुला ठाऊक आहे, मला शाळा नाही. गीतं तोंडपाठ होती, म्हणून गीतांच्या पुस्तकात शब्दांवर बोट ठेवत गेले आणि अक्षरं ओळखीची झाली. तुझे बाबा हसायचे, म्हणायचे, ही आधी गाते, मग वाचते.

नीलिमाचं पत्र आलं. तू बहिणीचं विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. ती नागपूरला त्याच फोनच्या कंपनीत आहे. फोनवर गिऱ्हाइकांना अजून दुसरंच नाव सांगते. मला ते आवडत नाही, तिला तसं लिहिलंही. केस कापलेले आहेत. रविवारची पाळी बदलून मागते, कधी मिळते, कधी मिळत नाही. कँटीनमध्ये जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटते, तर मैत्रिणी विचारतात, डोकं दुखते काय? ती हो म्हणते. त्या एका 'हो'चं तिला किती लागलं, ते तिनं दोन पानं भरून लिहिलंय. तू ते वाचायला हवं होतं. पण गेल्या नाताळापासून तू तिच्याशी बोलत नाहीस.

त्या दिवशी तू ताटावर बसून म्हणालास, ऑफिसच्या गणपतीत जिनं आरतीचं तबक धरलं, तिनं त्या हातानं प्रभुभोजन घेऊ नये. ती उष्ट्या हातानं उठली आणि दुपारच्या गाडीनं वडशाहून निघून गेली. तू चुकीचं बोललास की बरोबर, हे मी आज सांगत नाही. मला तुझे बाबा आठवतात, ते सांगते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा नि द्राक्षरसाचा घोट. त्याच्या आदल्या शनिवारी बाबा घरी नसायचे. कुणाशी वाकडं बोलणं झालं असेल, त्याच्या दारात जाऊन बसायचे. मिटवल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हा आपल्या चर्चच्या मंडळीतला नेम. पण बाकीचे मंडळीतल्या मंडळीत मिटवायचे, बाबा गावभर फिरायचे. मनसारामभाऊशी तर तळ्यावर जाळं टाकण्यावरून नेहमीचंच. हे दारात दिसले की मनसारामभाऊ आतून बायकोला ओरडून सांगायचे, "चंदे, चहा ठेव वं. देवाजी आला, म्हंजे महिना बदलला. कॅलेंडर कायले पायजे घरात?"

एकदा महिनाभर भांडणच झालं नाही. शुक्रवारी मनसारामभाऊ आपल्या अंगणात येऊन उगाच बाबांच्या जाळ्याला नावं ठेवू लागले. "असं जाळं असते काय रे? याच्यातून तर म्हैस निघून जाईल." बाबा चिडले. शनिवारी त्यांच्या दारात जाऊन बसले. चंदाबाईंनी मला नंतर हसत हसत सांगितलं, "यायले देवाजीसंग चहा प्याचा होता, म्हणून भांडले." तू तेव्हा लहान होतास, बाबांच्या मागे मागे बांधावरून जायचास.

बाबा गेले त्या महिन्यात मी शनिवारी दाराशी बसले होते. घर फार मोठं वाटत होतं. मनसारामभाऊ आले, हातात पानात गुंडाळलेला मरळ मासा. उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, तुयासंग मी कधी वाकडं बोललो असन, तर माफ करजो." मी म्हटलं, भाऊ, आपलं भांडण कधी झालंच नाही. तर म्हणाले, "नसन झालं. पण देवाजीचा दिवस हाये ना." ते देवळात जाणारे. अजून येतात, दर महिन्याला. बसतात, तळ्याच्या दोन गोष्टी सांगतात, जातात. मी एक कप जास्तीचा मांडून ठेवते.

तू पुण्यातल्या तुझ्या चर्चच्या मंडळीबद्दल लिहिलं होतंस. मोठा हॉल, भिंतीवर गाण्याचे शब्द दिसतात, हजारभर माणसं. चांगलं आहे. मी विचारलं होतं, तिथं कुणाचं कुणाशी बिनसलं तर काय करतात? तू लिहिलंस, काही नाही, पुढच्या रविवारी दुसऱ्या रांगेत बसतात. तू गमतीनं लिहिलं असशील. मला ते वाक्य रोज आठवतं. नीलिमाचं तबक तुला दिसलं, बाळा. ही रांग बदलणं कुणाला दिसत नाही, म्हणून ते बाधत नाही असं वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या नाताळापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. भाकरीचं ताट येतं, मी ते शेजारी सोमारीबाईकडे सरकवते. पाळकसाहेबांना वाटतं, नवऱ्याच्या आठवणीनं बाई घेत नाही. भांडण तुम्हा दोघांचं आहे, पण घर माझं आहे, आणि मी कुणाच्या दारात जाऊन बसू? डिसेंबरचा पहिला रविवार येतो आहे. शनिवारी नागपूरला जा. तिला आधी फोन करू नकोस, बाबा कधी निरोप पाठवत नव्हते. खरं कोण, हे ठरवायला जाऊ नकोस. दारात बस, चहा पी. त्या संध्याकाळी मी वारलूच्या दुकानात फोनपाशी बसेन. एकच फोन करा, दोघांनी मिळून.

तुझीच वाट पाहणारी,
आई