कच्च्या चिकनचा सॉस

भाऊजी,

छोटीला दवाखान्यात घेऊन जातेय. सकाळपासून तिच्या पोटात पाणीही ठरत नाहीये. काल मी आंघोळीला गेले तेवढ्यात, ज्यात कच्चं चिकन मुरवलं होतं ते उरलेलं दही-लसूण तुम्ही सॉस म्हणून तिच्या भातावर ओतलंत. निदान उकळून तरी घ्यायचं होतं. वर मलाच ऐकवलंत, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या बायका फार घाबरता. आम्हाला दगडसुद्धा पचतात." तुम्हाला पचत असतील. ती दीड वर्षांची आहे.

डॉक्टरांपासून मी काही लपवणार नाही, आणि ह्यांच्यापासूनही नाही.

कढईतलं चिकन नीट शिजलंय, जेवून घ्या. वर घालायचा सॉस फ्रिजमध्ये निळ्या वाटीत आहे. तिच्यासाठीच केला होता.